पिल्लू मान टाकतंय? आधी ऊब द्या

सकाळी खुराड्याचं दार उघडावं तर एक पिल्लू कोपऱ्यात पंख सोडून, डोळे मिटून उभं असतं. बाकीची दाण्यावर तुटून पडलेली, हे मात्र जागचं हलत नाही. हातात घेतलं की पाय गार लागतात. कोंबड्या पाळायला लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला ही सकाळ कधी ना कधी येते, आणि त्या क्षणी काय करायचं हे सुचत नाही. त्यासाठी हा लेख. शेकडो पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं. इथे दहा-वीस-पन्नास पिल्लं परसात किंवा घराच्या पडवीत वाढवणाऱ्यांचाच विचार केला आहे.

राजापूरकडच्या आमच्या घरी मी पहिल्यांदा गिरिराज जातीची पंचवीस पिल्लं आणली ती ऐन जुलैत. चौथ्या दिवशी दोन मलूल झाली. मी धावत जाऊन औषधाची पावडर आणली, पाण्यात कालवली आणि ड्रॉपरने चोचीत सोडली. तासाभरात दोन्ही गेली. दुसऱ्या दिवशी तिसरं पेंगायला लागलं तेव्हा शेजारच्या काकू आल्या. त्यांचा जन्म कोंबड्यांत गेलेला. त्यांनी पिल्लाच्या पायांना बोट लावलं आणि म्हणाल्या, "अरे, गारठलंय ते. औषध कसलं पाजतोस? आधी शेकव त्याला." पदराच्या ओच्यात धरून चुलीशी बसल्या. अर्ध्या तासाने ते चिवचिवायला लागलं, मग पाणी प्यायलं, आणि पुढे त्याचा चांगला कोंबडा झाला. त्या दिवसापासून मी क्रम बदललेला नाही: ऊब, मग पाणी, मग तपासणी, आणि औषध अगदी शेवटी.

याला कारण आहे. कोंबडीच्या अंगात साधारण ४१ अंश सेल्सिअसची ऊब असते. कोवळ्या लवेच्या पिल्लाला स्वतःच्या अंगची उष्णता टिकवता येत नाही, ती ताकद पिसं फुटायला लागली की हळूहळू येते. गारठलेल्या पिल्लाचं पचन थांबतं. अशा वेळी पोटात ढकललेला दाणा तिथेच आंबतो आणि ओतलेलं औषध कामाला लागत नाही. त्यात पिल्लाला धड गिळताही येत नसतं, म्हणून तेच पाणी श्वासनळीत जातं. माझी पहिली दोन पिल्लं याच कारणाने गेली असं मला आज वाटतं.

आजाऱ्याची पेटी

आजारी पिल्लू दिसताक्षणी बाकीच्यांतून बाजूला काढा. रोग पसरू नये हे एक, आणि दुसरं म्हणजे धडधाकट पिल्लं मलूल पिल्लाला तुडवतात, टोचतात. एकदा रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही.

पुठ्ठ्याचं खोकं पुरतं, दीड-दोन फूट लांब असलं म्हणजे झालं. तळाला जुन्या, शक्यतो पांढऱ्या सुती साडीचा तुकडा किंवा गोणपाट घाला. वर्तमानपत्र घालू नका, ते गुळगुळीत असतं आणि त्यावर पिल्लांचे पाय फाकतात. खोक्याच्या एका टोकाला बल्ब टांगा, दुसरं टोक मोकळं ठेवा. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी.

बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. ४० किंवा ६० वॉटचा एक बल्ब एका खोक्याला भरपूर होतो. एलईडी बल्बने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. "दिवा लावला होता तरी मेली" असं सांगणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हाच घोटाळा निघतो. तारेचे बल्ब आता वाण्याकडे सहज मिळत नाहीत, तेव्हा पिल्लं आणण्याआधीच दोन-तीन जमवून ठेवा. बल्ब कापडाला किंवा पुठ्ठ्याला टेकणार नाही असा पक्का तारेने बांधा.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. आजारी पिल्लाला त्याच्या वयापेक्षा थोडी जास्तच ऊब लागते. भिंतीवरचं साधं थर्मामीटर खोक्यात आडवं ठेवलं तरी अंदाज येतो. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. चोच उघडून धापा टाकत कडेला पळाली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. आणि पसरून, पाय ताणून झोपली असतील तर काही करू नका, निवांत झोपू द्या.

वीज गेली तर? आमच्याकडे पावसात ती जातेच. गरम पाण्याने भरलेली बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि दोन-दोन तासांनी पाणी बदला. चुलीच्या कडेला तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून ठेवली तर ती बराच वेळ ऊब धरते. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याने पिल्लं मरतील आणि त्या खोलीत झोपलेल्या माणसालाही धोका आहे.

मुंग्यांकडे लक्ष असू द्या. हलता न येणाऱ्या पिल्लाच्या डोळ्यांना लाल मुंग्या लागतात, हे मी पाहिलंय. खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे करा. वरून जाळी टाका, म्हणजे मांजराची आणि घुशीची चिंता राहत नाही.

पाणी कसं पाजायचं

पिल्लाचे पाय उबदार लागले आणि ते डोळे उघडायला लागलं की पाणी. गार नको, कोमट हवं. एका पेल्याला एक लहान चमचा गूळ किंवा ग्लुकोज विरघळवा. माणसांचं ओआरएस चालतं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, दाट करू नका.

चोचीचं टोक पाण्यात हलकेच बुडवा आणि सोडा. पिल्लू मान वर करून गिळतं. दोन-चार वेळा केलं की स्वतःच पिऊ लागतं. त्यालाही जोर नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावा. थेंब आत ओढला जातो, चोच हलते, गिळलेलं दिसतं, मग पुढचा थेंब. चोच उघडून आत पिचकारी मारू नका. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं आणि तिथे गेलेलं पाणी थेट फुप्फुसात उतरतं. मान टाकलेल्या, शुद्धीत नसलेल्या पिल्लाला काहीही पाजायचं नाही, फक्त ऊब.

गोड पाणी उन्हाळ्यात तीन-चार तासांत आंबतं, म्हणून थोडं थोडं करा आणि उरलेलं फेका. एक दिवस, फार तर दोन दिवस गोड पाणी, नंतर साधं स्वच्छ पाणी. भांडं उथळ घ्या, त्यात धुतलेले गोटे किंवा गोट्या टाका. अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकतं. म्हणून अगदी कोवळ्या पिल्लाने पहिल्या दिवशी दाणा टिपला नाही तरी घाबरून भरवायला जाऊ नका. पाणी पोटात गेल्यावर दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी कपड्यावर पसरा आणि बोटाने टकटक करा. कोंबडी चोचीने तशीच बोलावते, पिल्लू ओळखतं. तब्येत सावरली की चिक स्टार्टरवर, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्यावर आणा. नुसत्या कणीवर पिल्लू जगेल, वाढणार नाही. दूध पाजू नका, पक्ष्यांना ते पचत नाही.

आता नीट तपासा

ऊब आणि पाणी झालं की पिल्लू उजेडात घ्या आणि चोचीपासून बुडापर्यंत बघा.

सगळ्यात आधी बूड. शीट वाळून लवेला चिकटते, भोक बंद होतं आणि पोट फुगून पिल्लू मरतं. प्रवास करून आलेल्या, गारठलेल्या पिल्लांत हे फार दिसतं. चिकटलेला गोळा ओढून काढू नका, कातडी सोलून येते. कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून दोन-तीन मिनिटं धरून ठेवा, मऊ पडला की अलगद पुसून घ्या. लगेच कोरडं करा, बल्बखाली पूर्ण सुकवा, आणि खोबरेल तेलाचं बोट लावा. दिवसातून दोनदा बघा, पुन्हा चिकटतं. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: पोटाच्या मध्यावर जी छोटी काळसर खपली असते ती बेंबी. ती घाण समजून खरवडू नका.

बेंबी ओली, लालसर, वास मारणारी आणि पोट मऊ लिबलिबीत असेल तर ते जंतूंचं काम आहे. अस्वच्छ उबवणीत किंवा घाणेरड्या अंड्यांतून हे येतं. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात आणि घरच्या उपायाने क्वचितच सावरतात. सांगायला वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवून उपयोग नाही. डॉक्टरांना विचारा, ऊब द्या, बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पाय दोन बाजूंना फाकलेले असतील आणि पिल्लू दीड-दोन दिवसांचंच असेल तर ते हमखास सुधारण्यासारखं आहे. जखमेवर लावायची चिकटपट्टी उभी चिरून बारीक करा आणि दोन्ही पायांना सैलसर वेढा द्या. मधे साधारण एक इंच अंतर ठेवा, म्हणजे पाय सरळ अंगाखाली येतात. पहिले काही तास पिल्लू कोलमडतं. तेव्हा जवळ बसा, पाण्यापाशी उचलून न्या. रोज पट्टी तपासा, सुजतंय का बघा. तीन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं चालू लागतात. आठवडा उलटून गेलेल्या पिल्लात हाडं त्याच वळणावर घट्ट झालेली असतात, मग जमत नाही.

बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यांवर चालत असेल तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडतंय असं समजा. मान मागे वळवून आकाशाकडे बघत राहिलं तर बी-१ कमी असू शकतं. दोन्हींसाठी पशुवैद्यकीय दुकानात पक्ष्यांचं बी-कॉम्प्लेक्स द्रव मिळतं, बाटलीवरच्या मात्रेने पाण्यात द्या. पण मान पिळवटण्याचं दुसरं, फार वाईट कारणही आहे, त्याकडे पुढे येतो.

नाकातून पाणी, डोळे चिकटलेले, श्वासाला घरघर असेल तर आधी गादीचा वास घ्या. गादी म्हणजे पिल्लांखालचं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. उभं राहून कळत नाही, पिल्लाच्या उंचीला वाकून श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर तो शीटेतून सुटणारा अमोनिया वायू आहे, आणि पिल्लं रात्रंदिवस तोच घेत आहेत. बुरशी आलेला पेंढा किंवा तूस असेल तर बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन पिल्लं चोच उघडून तडफडतात. त्यावर घरी उपाय नाही, पण सगळी गादी त्याच दिवशी बदलली तर बाकीची वाचतात. डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्याला पाव चमचा मीठ.

शीट काय सांगते

मला विचाराल तर कोंबड्यांच्या आजारांत शीट पाहणं हे सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे. खोक्यात पांढरं कापड घालण्याचा हाही फायदा. निरोगी शीट करडी-तपकिरी, घट्टसर आणि वर पांढरी टोपी असलेली असते. दिवसातून एक-दोनदा चिकट, गडद तपकिरी, उग्र वासाची शीटही पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि अगदी नेहमीची आहे.

चुन्यासारखी पांढरी पातळ शीट, बूड माखलेलं आणि पहिल्या दोन आठवड्यांतलं पिल्लू: पांढऱ्या हगवणीची शंका घ्या. ती साल्मोनेला जंतूंची असते, कोंबडीकडून अंड्यावाटे पिल्लात उतरते. जंतुनाशक औषध लागतं आणि कोणतं, किती दिवस, हे पशुवैद्याने ठरवायचं. बरं झालेलं पिल्लूही जंतू बाळगून राहू शकतं, म्हणून अशा कळपातली अंडी उबवायला ठेवू नका.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ताळलेली शीट दिसली तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. पावसाळ्यात कोकणात हिने जितकी पिल्लं माझी नेली तितकी दुसऱ्या कशानेच नेली नाहीत. तिचं कारण एक सूक्ष्म परजीवी. आजारी पिल्लाच्या शीटेतून त्याची अंडी बाहेर पडतात, ओल्या उबदार गादीत एक-दोन दिवसांत पक्व होतात, आणि दुसरं पिल्लू ती दाण्याबरोबर टिपतं. म्हणून सगळं ओलीवर अवलंबून आहे. पिल्लं पंख फुलवून गोळा होऊन बसतात, तुरा पांढुरका पडतो, आणि वेळ घालवला तर दोन-तीन दिवसांत ओळीने मरतात.

इथे औषध लगेच हवं. अॅम्प्रोलियम नावाची पावडर पाण्यातून देतात, तीही सगळ्या कळपाला, कारण एकाला दिसतंय म्हणजे बाकीच्यांनी खाल्लेलं आहे. बाजारात ती वेगवेगळ्या टक्केवारीची मिळते, त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेला चमचा तुमच्या पाकिटाला लागू पडेलच असं नाही. पाकिटावरची मात्रा बघा किंवा दवाखान्यात पाकीट दाखवून विचारा. औषधाच्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका. त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, कारण हे औषध परजीवीला बी-१ मिळू न देऊनच काम करतं. जीवनसत्त्व घातलं तर औषधाचाच जोर जातो. औषधाचा कोर्स संपल्यावर मग टॉनिक द्या.

त्याच बरोबरीने ओली गादी उचलून टाका, पाण्याची भांडी विटेवर उंच ठेवा म्हणजे सांडलवंड होत नाही, आणि उरलेली गादी रोज खालीवर करा. हे केलं नाही तर आठवड्याने पुन्हा तेच.

जिथे घरगुती उपाय थांबतात

हिरवट-पांढरी हगवण, धाप, पाय लुळे, मान पिळवटलेली आणि एकामागून एक पिल्लं जात असतील तर ती मानमोडी. इंग्रज काळात उत्तराखंडातल्या राणीखेत इथे आढळली म्हणून आपल्याकडे राणीखेत, आणि बाहेर जगात न्यूकॅसल रोग म्हणतात. हा विषाणू आहे, लागला की औषध नाही. हळद, लसूण, कांदा, काहीही पाजलं तरी नाही. लस मात्र आहे आणि स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. मधे, बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, गंबोरो या दुसऱ्या विषाणू-रोगाची लस. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकाच सकाळी पिल्लं एकत्र आणून लस द्यावी. आमच्याकडे आम्ही तसंच करतो. दुकानापासून घरापर्यंत कुपी बर्फातच हवी. आणि आजारी पिल्लाला लस टोचू नका, पाजू नका, ते आधी सावरू द्या.

अचानक, काही लक्षणं नसताना बऱ्याच कोंबड्या मेल्या, तोंडं सुजली, तुरे निळे पडले तर तो बर्ड फ्लू असू शकतो, स्वतः काही करत बसू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला होता. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, विकू नका, कोणाला देऊ नका, ओढ्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा फुकट फोन क्रमांक आहे, तो खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

एरवीसुद्धा दिवसभरात दोनपेक्षा जास्त पिल्लं गेली तर दवाखाना गाठा. जाताना नुकतंच मेलेलं पिल्लू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, शक्य असेल तर बर्फावर ठेवून न्या. डॉक्टर ते उघडून पाहतात आणि एका पिल्लाकडून बाकी सगळ्यांचा आजार कळतो. नेण्यासारखं नसेल तर दोन-तीन फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या कुटून देणं ही चूक बरेच जण प्रेमापोटी करतात. चिमटीभर गोळी म्हणजे चाळीस ग्रॅमच्या जिवाला किती होते याचा अंदाज कोणालाच लागत नाही.

रंगीत पिल्लांविषयी

आठवडी बाजारात, जत्रेत गुलाबी-हिरवी पिल्लं विकायला येतात आणि मुलं हट्टाने घरी आणतात. ही बहुधा अंड्यांसाठीच्या जातींची नर पिल्लं असतात. त्यांना कोणी वाढवणार नसतं म्हणून ती अशी विकली जातात. उपाशी, तहानलेली, प्रवासाने गारठलेली येतात आणि लस बहुतेकदा झालेली नसते. घरी आणलीच असतील तर आल्याआल्या वर सांगितलेलं सगळं करा, आजारी दिसोत न दिसोत. रंग धुवायला अंघोळ घालू नका, पिसं येतील तसा तो जातो. तुमच्याकडे आधीची पिल्लं असतील तर त्यांच्यात दोन-तीन आठवडे मिसळू नका.

मुलांना एक ठामपणे सांगा: पिल्लाला तोंडाशी लावायचं नाही, पापी घ्यायची नाही, आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो आणि लहान मुलांना त्याची हगवण जड जाते. तुम्हीसुद्धा दाणा-पाणी आधी निरोगी पिल्लांचं करा, मग आजाऱ्याकडे जा, उलट नको. आजाऱ्याची भांडी वेगळी ठेवा.

परत कळपात

शीट नीट पडतेय, दाणा टिपतंय, अंगात जोर आलाय असं सलग दोन-तीन दिवस दिसलं की पिल्लू परत सोडता येतं. एकटं राहिलेलं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, म्हणून शेवटचे दोन दिवस कळपातलं एक शांत पिल्लू त्याच्या खोक्यात सोबतीला द्या. आजार संसर्गाचा नव्हता, गारठा किंवा पायाचं दुखणं होतं, तरच. मग दोघांना मिळून सोडा. पिल्लं खुडुक कोंबडीबरोबर वाढत असतील तर दिवसाउजेडी नको, ती परकं समजून टोचते. अंधार पडल्यावर, कोंबडी डालग्यात बसली की हळूच तिच्या पंखाखाली सारा. तासाभराने बॅटरीच्या उजेडात एकदा बघा. पिल्लू बाहेर ढकललेलं असेल तर त्या रात्री खोक्यात परत घ्या आणि दुसऱ्या रात्री पुन्हा करून बघा.